पागोळीच्या पल्याडचा फ्रायपान

कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा वाजून गेला की थोडा वेळ सगळं थांबल्यासारखं व्हायचं. मग धूर उठायला लागायचा, एकेका छपरातून, जमिनीला धरून चालणारा, आणि त्या धुरातून आम्ही दोघी खोलीकडे चालत यायचो. आज त्या वाटेवर कुठे काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. शेतं गेली, बांध गेले, आणि ज्या बाभळीबद्दल मी सांगणार आहे ती कुठल्या शेडच्या पायाखाली गेली कोण जाणे. पण डोळे मिटले की तो धूर दिसतो, आणि धुरात लाल मिरचीचा, शिरक्याचा आणि कडेला लागलेल्या कांद्याचा वास येतो.

मी बी.एस्सी. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईला अंगठा उमटवायला लागायचा, आबांना सही येत होती पण ती करायला त्यांना बसायला लागायचं. हे सांगताना मी कधी लाजले नाही, आणि मी पहिली पदवीधर हे सांगतानाही कधी आवाज खाली केला नाही. आमचं गाव चाकणच्या अंगाला. आबा कांदा आणि बटाटा करायचे. पुण्यात वसतिगृहात राहून मी शिकले आणि पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला होता, त्याच्या प्रयोगशाळेत लागले.

नोकरीला आबा हो म्हणाले, पण पुरतं हो म्हणाले नाहीत. मला पोचवायला आले तेव्हा ट्रंक खाली ठेवून उभ्याउभ्याच म्हणाले, "ही दिवाळी होऊ दे. मंग बघू. पाव्हणे तवर थांबायला तयार हायेत."

पाव्हणे म्हणजे मला बघून गेलेलं स्थळ. माणसं वाईट नव्हती. पण त्यांना नोकरी नको होती.

"आन एक ध्येनात ठेव," आबा म्हणाले. "आपल्या घरात जे चालत न्हाई, ते हितंबी चालायचं न्हाई. खाणंपिणं आपलं ऱ्हायलं पायजे. त्यात बदल झाला की मानूस हातचं गेलं समजायचं." मी हो म्हणाले.

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात भाऊ मटण खायचे, मीही खायचे, पण ते परसात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. ते पातेलं कधी उंबरा ओलांडून आत आलं नाही. आबा त्या दिवशी आईच्या हातचं पिठलं खायचे आणि परसाकडे पाठ करून बसायचे. रागाने नव्हे. त्यांची बसायची जागाच तशी ठरली होती.

खोली मिळायला आम्हाला फार हिंडावं लागलं. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या सोबतिणीला. ती सावंतवाडीकडची, किरिस्ताव, कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. माझ्याहून थोडी मोठी. दोन बिनलग्नाच्या नोकरदार मुलींना खोली द्यायची म्हणजे लोक आधी आमच्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे, मग दार लोटायचे. शेवटी नदीकडच्या बाजूला शेतातल्या एका कौलारू घराची मागची खोली मिळाली. मालकीण जुन्या गावकी घराण्यातली, तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिच्या नवऱ्याच्या गळ्यातही माळ. ही खोली गेली तर दुसरी नाही, आणि खोली नाही तर नोकरी नाही, हे आम्हा दोघींनाही न बोलता ठाऊक होतं.

सोबतिणीचा भाऊ खडकीला लष्करी मेसमध्ये स्वयंपाकी होता. एका रविवारी तो तिला भेटून गेला आणि जाताना दोन वस्तू ठेवून गेला. एक, मेसमधून मोडीत काढलेला लांब दांड्याचा लोखंडी फ्रायपान. दुसरी, गोव्याकडची सॉसेजेस. ती सॉसेजेस म्हणजे सुपारीएवढे लालकाळे गोळे, दोरीत एकापुढे एक बांधलेले. तिने ती लांबलचक दोरी मागच्या बाजूला धुण्याच्या वळणीवर टांगली, वारं लागावं म्हणून.

संध्याकाळी मावशी गुरांना पाणी दाखवून परतली आणि वळणीपाशी थबकली.

"अगं बया, रुद्राक्षं धुऊन वाळत घातलीस व्हय गं?"

"रुद्राक्षं नव्हेत मावशी," सोबतीण आतून म्हणाली. "डुकराचं मांस आहे."

मी कपाळाला हात लावला. तिला खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. इंजेक्शन देताना 'दुखणार नाही' असं ती दिवसातून किती वेळा म्हणायची. पण खाण्याच्या बाबतीत ती खोटं बोलत नसे.

मावशी वळणीकडे बघत राहिली. मग तिने मान वर करून छपराकडे बघितलं. मग छपराच्या कडेकडे, जिथून पावसाळ्यात पागोळ्या गळतात आणि खाली मातीत ओळीने खळगे पडलेले असतात.

"माझ्या छपराखाली न्हाई," ती म्हणाली. "ह्या पागोळीच्या पल्याड काय करायचं ते करा. शिवाराला कुनी माळ घातली न्हाई."

असा तो कायदा झाला. आणि मावशी कायद्याला पक्की होती.

लोक विचारतात, ही एका भांड्यात सगळं शिजवायची तऱ्हा तुम्ही शिकलात कुठे? शिकले नाही. ती त्या पागोळीने घालून दिली. दिवसभर उभं राहून आलेल्या बाया आम्ही. पोळपाट, परात, पातेली असा संसार रोज बांधावर कोण वाहून नेणार? एका खेपेत जेवढं जाईल तेवढंच. शिवाय आतलं बाहेर जाऊ शकत होतं, बाहेरचं आत येऊ शकत नव्हतं. म्हणून फ्रायपान कायमचा बाहेरच राहिला. बांधावरच्या बाभळीला एक तुटक्या फांदीचा खुंट होता, त्याला तो दांड्याने टांगलेला असायचा. सकाळी कामावर जाताना मी वळून बघायचे. कोवळ्या उन्हात काळा गोल चंद्र लटकल्यासारखा तो दिसायचा आणि त्याच्या कडेवर एखादा साळुंक्यांचा जोडा चोची घासत बसलेला असायचा.

संध्याकाळी एकीने आत विळीवर भाजी चिरायची. कांदा-बटाटा आबांनी पाठवलेला, बाकी मावशीच्या वाफ्यात असेल ते. कधी कोबी, कधी घेवडा, कधी हिरवे टोमॅटो. दुसरीने बांधावर तीन दगडांत तुरकाठ्या पेटवायच्या. फ्रायपानात आधी तांब्याभर नव्हे, नुसतं तळ झाकेल एवढं पाणी. त्यात सॉसेजचे गोळे. पाणी आटत आलं की त्यांतून लाल तेल सुटायचं. आपलं तेल घालायचं नाही, मीठही नाही, दोन्ही त्यातच असतं. मग कांदा, मग बटाटा, मग शेवटी पालेभाजी किंवा जे लवकर शिजेल ते. वर ताट झाकण. ताटावर सकाळी थापलेल्या भाकऱ्या ठेवायच्या, त्या खालच्या वाफेने मऊ व्हायच्या. एवढंच. मग नुसतं बसून राहायचं.

ते बसून राहणं मला जेवणाहून जास्त आठवतं. समोर पवनेवर धुकं उतरत असायचं. त्याच्या पलीकडे कारखान्याचे दिवे एकेक करून लागायचे. दूरवरून गाडी जायची आणि तिच्या खिडक्यांची पिवळी रांग पाण्यात सरकायची, उलटी. आम्ही फारसं बोलत नसू. ताटाखाली काहीतरी पुटपुटत असायचं आणि ते पुरेसं वाटायचं. कधीकधी मला वाटायचं की गाव, वसतिगृह, परीक्षा, पाव्हणे हे सगळं दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि माझं म्हणजे हा बांध आणि हे पुटपुटणं.

सुरुवातीला मी सॉसेज खात नव्हते. आबांना शब्द दिला होता. मी कडेचे बटाटे खायचे आणि सोबतीण मधलं. बटाटे लालभडक असायचे.

"काय गो बी.एस्सी.," एकदा ती म्हणाली, "या बटाट्याला तेल कुठनं आलं?"

मी बटाटा भाकरीत गुंडाळला.

"नाही, तू शिकलेली म्हणून विचारते. मी आपली साधी नर्स."

"गप बस."

"कडेकडेने खाल्लं की पोटात कडेकडेने जातं का?"

मी हसले तेव्हाच हरले. तिने एक गोळा माझ्या भाकरीवर ठेवला. तिखट, आंबट, धुरकट. त्याच्या आधी मी तसलं काही खाल्लं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी दुसराही मागितला. आबांना दिलेला शब्द मी विसरले नव्हते. पण स्वतःला फसवत कडेचे बटाटे खाण्यापेक्षा हे सरळ होतं. आबांनी विचारलं की सांगायचं, असं मी ठरवलं आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

पावसाळ्यात मोठा पेच आला. बांधावर विस्तव टिकेना. मग पागोळीच्या अगदी लागून, खळग्यांच्या ओळीपासून हातभर बाहेर चूल आली. एक चुलीपाशी बसायची, दुसरी तिच्यावर, फ्रायपानावर आणि विस्तवावर छत्री धरून उभी राहायची. मावशी आत उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडता निवडता पहारा करायची. वाऱ्याने आम्ही इंचभर सरकलो की आतून आवाज यायचा, "ए पोरींनो, पागुळी!"

पाऊस सरला, आम्ही पुन्हा बांधावर गेलो. दिवाळी आली. मी चार दिवस घरी जाऊन आले. आबांनी पाव्हण्यांचा विषय काढला नाही. बटाट्याची काढणी चालू होती, त्यातच होते. निघताना फक्त म्हणाले, "येतो मी. बघून जातो."

त्यानंतर मला रोज झोपताना ते वाक्य ऐकू यायचं. आबा पूर्वी एकदोनदा येऊन गेले होते, पण दिवसाउजेडी, रविवारी, चहा पिऊन लगेच परत. आता ते बघायला येणार होते. त्यांनी एक शब्द टाकला असता तर मी ट्रंक भरून गेले असते. त्या काळी दुसरं काही करायला मला सुचलं नसतं. म्हणजे ती खोली, प्रयोगशाळेतलं ते काचेच्या नळ्यांनी भरलेलं लांब टेबल, तो भोंगा, सगळं त्यांच्या एका शब्दावर उभं होतं.

ते आले आठवड्याच्या मधल्याच वारी. आम्ही नुकत्याच चुलीपाशी बसलो होतो. थंडी पडायला लागली होती आणि धूर वर जात नव्हता. त्या धुरातून एक माणूस खांद्यावर पोतं घेऊन बांधावरून येताना दिसला. चालण्यावरून मी ओळखलं.

"आबा!"

"कांद्याची ट्रक पुण्याला चालली व्हती. नाशिक फाट्यावर उतरलो," ते म्हणाले आणि पोतं खाली ठेवलं. "नवा बटाटा हाय." मग त्यांनी नाक वर केलं. "काय शिजतंय?"

सोबतीण झटकन उभी राहिली. "काका, ते माझं आहे. ही नाही खात यातलं. ही नुसती भाकरी खाते."

खाण्याच्या बाबतीत ती खोटं बोलत नसे म्हणाले ना मी? ते एकदाच बोलली, माझ्यासाठी. आणि ते खोटं मी उचललं असतं तर त्या संध्याकाळपुरतं भागलं असतं. पण मग पुढे दर खेपेला तिला ते बोलावं लागलं असतं, आणि मला कडेकडेने जगावं लागलं असतं.

"नाही आबा," मी म्हणाले. "मीही खाते. डुकराचं आहे."

आणि ताट उचललं. झाकून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं, शिवाय बटाटे खाली लागायला आले होते.

आबा वारा येत होता त्या बाजूला जाऊन उकिडवे बसले, म्हणजे धूर त्यांच्याकडे येणार नाही. गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सरकवली. मी बटाटे परतत राहिले. नदीवरचं धुकं आता बांधापर्यंत आलं होतं आणि आम्ही तिघं त्यात बुडल्यासारखी बसलो होतो.

मग आबा म्हणाले, "ते दिवे कशाचे?"

"आमच्या कारखान्याचे."

"तू कुठल्या दिव्यात असतीस?"

मी दाखवलं. चिमणीच्या डाव्या हाताला, जरा निळसर दिसतो तो. ते त्या दिव्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आत मी दिसते का हे शोधताहेत.

"आन हे असं उघड्यावर का शिजवता? खोली हाय की."

मी त्यांना मावशीचा कायदा सांगितला, पागोळीचा. ऐकताना त्यांची मान हलत होती. कायदा त्यांच्या ओळखीचा होता. "बरुबर हाय बाईचं," ते म्हणाले.

तेवढ्यात मावशीच कंदील घेऊन बांधापर्यंत आली. "पाव्हणं, हितं काय बसलाय? आत चला. पिठलं-भाकरी तयार हाय. आमच्यातबी माळ हाय, काय अनमान करू नगा."

आबा उठले नाहीत. "बाई, लेकीच्या घरी बाप जेवत न्हाई, अशी रीत हाय."

"आवो पर लेकीकडं कोन बोलावतंय? माझ्या घरी बोलावतीय मी."

"त्येच म्हनतोय." आबांनी एक तुरकाठी घेऊन विस्तव ढोसला. ते आम्हाला सांगत होते की स्वतःशी हिशेब घालत होते, कळत नव्हतं. "हिचं लगीन झालं असतं तर घर जावयाचं. नातवंडाचं तोंड बघंस्तवर मी तितं पानीबी प्यालो नसतो. पर हितं जावई न्हाई. मंग हे घर कुनाचं?"

"माझं की!" मावशी म्हणाली.

"घर तुमचं. चूल?"

मावशीने कंदील खाली धरून तीन दगडांकडे पाहिलं. काळे झालेले, राखेत रुतलेले. तिच्या पागोळीच्या कितीतरी पल्याड.

"चूल तिची, बाबा," ती म्हणाली. "माझा काय संबंध?"

"मंग झालं तर. चूल लेकीची आन जावई न्हाई. म्हंजी रीत लागत न्हाई." आबा माझ्याकडे वळले. "भूक लागलीय. तुझा तवा जरा तिकडं सरकव."

मी फ्रायपान एका अंगाला घेतला. आबांनी काठीने अर्धे निखारे आपल्या बाजूला ओढले, पोत्याचं तोंड सोडलं, चार बटाटे राखेत पुरले आणि वर निखारे लोटले. रानात राखणीला असताना करायचे तसं. भांडं नाही, झाकण नाही. एक कांदा काढून दगडावर ठेवला आणि मुठीने फोडला.

"भाकरी दे," ते म्हणाले. मी ताटावरची उचलली. "ती न्हाई. वाफ लागली तिला. दुसरी असंल तर दे."

दुसरी फडक्यात होती, गार. मी ती दिली.

मग एका विस्तवाच्या दोन बाजूंना आम्ही जेवलो. सोबतीण आधी खाईना, आबाच म्हणाले, "खा की पोरी, निवतंय." मावशी जाता जाईना. कंदील घेऊन बांधावरच टेकली आणि कुणाच्या गावाला कुणाची सोयरीक, हे विचारत बसली. आबा राख झटकून बटाटा सोलत होते, मीठ लावून खात होते. मध्येच त्यांनी माझ्या बाजूला न बघता विचारलं, "चांगलं लागतं?"

"लागतं, आबा."

"हूं." थोड्या वेळाने त्यांनी एक बटाटा फोडून कंदिलापुढे धरला. मधे पांढरा, कच्चा. "लई मोठा हाय. आत शिजंना. कामावरनं आल्यावर हे एवढालं तुमी शिजवता कवा?"

"बारीक चिरतो, काका," सोबतीण म्हणाली. "पण वेळ लागतोच. तोवर ही पेंगते."

आबांनी तो बटाटा पुन्हा राखेत सारला.

ते रात्री मावशीच्या ओसरीवर झोपले. सकाळी मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले. धुकं इतकं होतं की रस्त्यावरून जाणारी बैलगाडी आधी ऐकू आली आणि मग दिसली. मला राहवलं नाही. मी सरळच विचारलं, कारण मी तशीच आहे.

"आबा, पाव्हण्यांना काय सांगणार?"

ते ट्रकच्या वाटेकडे बघत होते. "काय सांगायचं? लेकीनं चूल मांडलीया म्हनून सांगतो. मी जेवून आलोय तिच्याकडं."

एवढं बोलून ते ट्रकमध्ये चढले. मी कामावर गेले. त्या दिवशी टेबलावरच्या सगळ्या नळ्यांतून मला धुकं दिसत होतं.

आठवडाभराने भोंगा झाल्यावर घरी आलो तर पागोळीच्या बाहेर, बरोबर खळग्यांच्या ओळीला लावून, बटाट्यांचं एक छोटं पोतं ठेवलेलं होतं. ट्रकवाला टाकून गेला, मावशी म्हणाली. चाकणच्या बाजारात इतक्या बारक्या बटाट्याला कुणी विचारत नसे. आमच्याकडे तो गुरांना घालायचे. आबांनी तो सगळ्या ढिगातून वेचून काढला होता. एकसारखा, लिंबाएवढा.

सोबतिणीने पोत्यात हात घातला आणि मूठभर बटाटे वर काढले. मग हसायला लागली.

"बी.एस्सी.," ती म्हणाली, "आज विळी नको."

मी बाभळीवरून फ्रायपान उतरवला.